वसाहतीचा तरणतलाव : हिसाब शेवटच्या घरापर्यंतचा हवा

गेल्या काही वर्षांत आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांची घराची कल्पना पार बदलली आहे. मोहल्ल्यातील वडिलोपार्जित घर, खाली दुकान किंवा कारखाना आणि वर राहणे, ही पद्धत मागे पडत चालली असून मुंब्रा, मीरा रोड, भिवंडी, पुण्याचा कोंढवा अशा ठिकाणी उंच इमारतींच्या वसाहतींत फ्लॅट घेण्याकडे लोकांचा कल वाढला आहे. अशा वसाहतीच्या रंगीत पत्रकात निळ्याशार पाण्याचा तरणतलाव बहुधा असतोच. फ्लॅट घेणारा चौरस फुटाचा भाव विचारतो, पार्किंग पाहतो, पाण्याची वेळ विचारतो, शाळा आणि मशीद किती अंतरावर आहे याची चौकशी करतो. तलावाविषयी मात्र तो एकच प्रश्न विचारतो : "आहे ना?" तो तलाव किती लोकांसाठी आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न श्रीमंतांच्या चैनीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. तलावात उतरो वा न उतरो, त्याचा खर्च दरमहा प्रत्येक घराच्या मेन्टेनन्समध्ये येतो. टेलरिंगचे दुकान चालवणारा असो की मागवाला, तो पैसे भरतोच. पैसे भरून जर उन्हाळ्याच्या रविवारी मुलांना पाण्यात पाय ठेवायला जागा मिळत नसेल, मुलांचे डोळे लाल होत असतील आणि घरातील बायका वर्षभरात एकदाही तिकडे फिरकल्या नसतील, तर हा नुकसानीचा सौदा होय. असा सौदा कोठे फसतो आणि तो आधीच कसा ओळखावा, याची माहिती येथे देत आहोत. आम्ही कापडाचे व्यापारी, पाण्याचे इंजिनीअर नव्हे. परंतु हिसाब सोपा आहे. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही तो करता येईल.

जुम्याची गर्दी आणि फजरची गर्दी

वसाहत एका दिवसात उभी राहत नाही. बिल्डर पहिल्या टप्प्यात दोन इमारती बांधतो. त्यांच्याबरोबर तलाव, बाग, जिमखाना तयार करतो, कारण पुढची विक्री त्याच्याच जोरावर व्हायची असते. पहिले रहिवासी येतात तेव्हा तलाव ऐसपैस वाटतो. मग तिसरी इमारत, चौथी, पाचवी. घरे चौपट होतात, तलाव तेवढाच राहतो.

मशिदीच्या हौदाचे उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. हौदाच्या काठावर वजूसाठी किती बैठका ठेवायच्या, हे फजरला येणाऱ्या दोन सफांवरून कोणी ठरवीत नाही. जुम्याची गर्दी डोळ्यांसमोर ठेवूनच ते ठरते. आणि मोहल्ला वाढणार हे दिसत असेल तर जाणती मंडळी बांधकामाच्या वेळीच पुढची जागा राखून ठेवतात. तरणतलावाचा नियम वेगळा नाही. एक, मोजणी शेवटची इमारत भरल्यानंतरच्या घरांची करायची. दोन, मोजणी मे महिन्यातील रविवारच्या संध्याकाळची करायची.

समजा पहिल्या टप्प्यात १२० फ्लॅट आहेत आणि सर्व टप्पे मिळून ४८० होणार आहेत. घरटी चार माणसे धरू. म्हणजे आज ४८० माणसे, उद्या १,९२०. यांतील शंभरांपैकी पाच माणसे गर्दीच्या तासाला एकाच वेळी पाण्यात असतील असे धरू. पाच हा आकडा हिसाबापुरता धरलेला आहे. आपल्या वसाहतीत लहान मुले जास्त असतील तर तो वाढेल, म्हातारी माणसे जास्त असतील तर घटेल. पाचाच्या दराने आज २४ माणसे एका वेळी पाण्यात असतील आणि सर्व टप्पे भरल्यावर ९६.

तलाव तीन ठिकाणी मोजावा लागतो

आता तलाव पाहू. आपल्याकडील मध्यम वसाहतीत ४० फूट लांब, २० फूट रुंद आणि ४ फूट खोल असा तलाव असू शकतो. आम्ही त्यालाच नमुना धरतो. पृष्ठभाग ८०० चौरस फूट आणि पाणी सुमारे ९०,००० लिटर.

पहिले मोजमाप जागेचे. ब्रिटनमध्ये पूल वॉटर ट्रीटमेंट ॲडव्हायझरी ग्रुप नावाची तज्ज्ञांची संस्था आहे. तिच्या मार्गदर्शनाप्रमाणे एक मीटरपेक्षा उथळ पाण्यात माणशी २.२ चौरस मीटर, एक ते दीड मीटर खोलीत २.७ चौरस मीटर आणि त्याहून खोल पाण्यात ४ चौरस मीटर जागा हवी. खोल पाण्यात जास्त जागा का, तर तेथे माणूस उभा राहू शकत नाही, त्याला हातपाय मारावे लागतात. आपला तलाव ४ फूट, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास. माणशी २.७ चौरस मीटर म्हणजे सुमारे २९ चौरस फूट. ८०० ला २९ ने भागले की २७ माणसे. पहिल्या टप्प्याच्या २४ माणसांना तलाव पुरला. बिल्डरचा हिसाब बहुधा येथेच थांबतो आणि घेणाऱ्याचाही.

दुसरे मोजमाप गाळणीचे. खरी मेख येथे आहे, म्हणून येथे जरा थांबू.

तलावाचे पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी पंपाने ओढून वाळूच्या फिल्टरमधून गाळतात, त्यात औषध मिसळतात आणि परत तलावात सोडतात. पाण्यात उतरलेला प्रत्येक माणूस घाम, तेल, कातडीचे कण, साबणाचा अंश, आणि लहान मूल असेल तर लघवी, हे सर्व पाण्याला देतो. ही घाण ज्या वेगाने पाण्यात येते त्या वेगाने ती काढली गेली तरच पाणी चांगले राहते. वर सांगितलेल्या संस्थेचा ढोबळ नियम असा की, एका वेळी पाण्यात असणाऱ्या प्रत्येक माणसामागे ताशी १,७०० लिटर पाणी फिल्टरमधून गेले पाहिजे.

आता आपल्या तलावाला हा नियम लावू. पुष्कळ वसाहतींत पंप आणि फिल्टर असे बसवतात की तलावाचे सर्व पाणी सहा तासांत एकदा गाळून व्हावे. ९०,००० ला ६ ने भागले तर ताशी १५,००० लिटर. त्याला १,७०० ने भागा. उत्तर येते आठ, फार तर नऊ माणसे.

म्हणजे जागा २७ माणसांची आणि गाळणी ८ माणसांची! २४ माग बसतील एवढी शेड बांधली आणि विजेचा मंजूर भार आठ मागांचाच असला, तर ती शेड २४ मागांची म्हणायची की आठ मागांची? भिवंडी-मालेगावच्या वाचकांना आम्ही याचे उत्तर सांगायला नको. २७ माणसांसाठी ताशी सुमारे ४६,००० लिटर गाळणारा संच लागेल, म्हणजे सर्व पाणी दोन तासांत एकदा गाळले जाईल. सहा तासांचा संच एखाद्या बंगल्याच्या खाजगी तलावाला ठीक आहे, जेथे दिवसातून चार माणसे उतरतात. वसाहतीच्या तलावाला तो पुरणार नाही. लहान मुलांचा गुडघाभर पाण्याचा जो वेगळा छोटा हौद असतो, त्याचे पाणी तर तासाच्या आत गाळून व्हायला हवे, कारण पाणी थोडे आणि घाण जास्त. तो हौद मोठ्या तलावाच्याच फिल्टरला जोडून टाकण्याची जी काटकसर केली जाते ती आम्हाला अगदीच चुकीची वाटते.

येथे एक गैरसमज दूर करतो. तलावावर गेल्याबरोबर औषधाचा उग्र वास आला की लोक म्हणतात, पाणी स्वच्छ आहे, भरपूर क्लोरीन टाकलेले दिसते. गोष्ट नेमकी उलटी आहे. स्वच्छ पाण्यातील योग्य प्रमाणातल्या क्लोरीनला फारसा वास येत नाही. क्लोरीन घामात व लघवीत मिसळून जे पदार्थ तयार होतात त्यांचा तो उग्र वास असतो, आणि डोळे लाल होतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळेच. वास जितका जास्त तितकी गाळणी कमी पडते आहे असे समजावे. अशा वेळी तलावावरचा माणूस आणखी क्लोरीन ओततो. दोन-चार दिवस निभावते, मग पाणी हिरवट होते, आणि शेवटी तलाव रिकामा करण्याची पाळी येते.

तलाव रिकामा करणे म्हणजे काय, तेही मोजा. ९०,००० लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या हिसाबाने चार माणसांच्या घराला ५४० लिटर आणि १२० घरांना सुमारे ६५,००० लिटर. एकदा तलाव बदलणे म्हणजे पहिल्या टप्प्यातील सर्व घरांचे जवळजवळ दीड दिवसाचे पाणी गटारात सोडणे. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात हे करणार आहात काय? सुरुवातीला फिल्टरमध्ये वाचवलेले पैसे अशा रीतीने टँकरवाल्याकडे जातात.

बाकी पाण्याचा रोजचा खर्च फार नाही. ८०० चौरस फुटांवरून कडक उन्हात रोज पाऊण ते एक सेंटीमीटर पाणी उडून जाते, म्हणजे ५५० ते ७५० लिटर. एका घराला लागते साधारण तेवढेच. फिल्टर उलटा धुण्याच्या प्रत्येक वेळेला हजार-दीड हजार लिटर लागतात. त्याखेरीज उतरणाऱ्या माणशी रोज ३० लिटर ताजे पाणी घालावे असा वरच्याच संस्थेचा दंडक आहे. १५० माणसे उतरली तर साडेचार हजार लिटर. फिल्टर धुण्याचे पाणी यातच धरता येते.

जुन्या तलावाची गाळणी वाढवताना एक धोका आहे आणि तो जिवाशी संबंधित आहे. पंप मोठा आणला आणि तळाची पाणी ओढणारी जाळी एकच, जुनीच ठेवली, तर त्या जाळीपाशी ओढ फार वाढते. मुलींचे लांब केस, ओढणीचे टोक किंवा लहान मुलाचे शरीर तेथे चिकटून बसू शकते. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर २००७ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तळाला एकमेकांपासून अंतर ठेवून दोन जाळ्या, त्यांवर उंचवट्याची सुरक्षित झाकणे आणि त्या ओढीला पुरेल एवढ्या जाडीचे पाइप असल्याशिवाय मोठा पंप बसवू देऊ नये. नुसता पंप बदलून देणारा मिस्त्री स्वस्तात काम करील. त्याला करू देऊ नये.

तिसरे मोजमाप : वेळ, आणि त्यात बायकांचा वाटा

तलाव सकाळी चार तास आणि संध्याकाळी पाच तास, असा रोज नऊ तास उघडा राहतो असे समजू. गाळणी नीट केली असे धरले, तर तासाला २७ माणसे. आमच्या लोकांची बहुसंख्या असलेल्या वसाहतींत, आणि आता इतर ठिकाणीही, बायकांसाठी वेगळा वेळ ठेवण्याची मागणी होते. कमिटी ती मान्य करते आणि रोज एक तास देते. वाटते, प्रश्न मिटला.

हिसाब करून पाहा. सर्व टप्पे भरल्यावर १,९२० माणसांत ९६० स्त्रिया व मुली धरल्या, तर त्यांच्या वाट्याला आठवड्याचे सात तास, म्हणजे १८९ पाळ्या आल्या. प्रत्येकीची पाळी पाच आठवड्यांतून एकदा. पुरुषांना व मुलांना आठवड्याचे ५६ तास, म्हणजे १,५१२ पाळ्या, प्रत्येकाला आठवड्यातून दीड. वर्गणी मात्र घरामागे सारखीच! आणि तो एक तासही बहुधा दुपारी असतो, जेव्हा ऊन डोक्यावर आणि घरात मुले शाळेतून परतण्याची वेळ. अशा वेळी कोणी आली नाही की कमिटी म्हणते, "बायकांना आवडच नाही." हा इन्साफ नव्हे.

दुसरी गोष्ट कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. पहिल्या टप्प्यात तलावाकडे एका इमारतीच्या दोन-चार खिडक्या असतात. त्यांना जाळी लावून किंवा कडेला उंच झाडे लावून पडदा होतो. पुढे चौथी-पाचवी इमारत वीस मजली उठते आणि तिच्या साऱ्या गॅलऱ्या तलावावर येतात. कडेची भिंत कितीही उंच केली तरी वरून दिसणारच. वसाहत वाढली म्हणून पुरुषांसाठी तलाव अपुरा पडतो. बायकांसाठी तो त्या दिवसापासून बंदच होतो. तेव्हा नकाशा पाहताना तलावाच्या चारी बाजूंना पुढे कोणती इमारत किती मजल्यांची होणार आहे, हे पाहणे फिल्टरइतकेच जरुरीचे आहे. वरून आच्छादन घालायचे असेल तर त्याचे खांब आणि पाया पहिल्या बांधकामातच धरावे लागतात. मागाहून करणे फार महाग पडते.

कपड्यांचा मामला तर आमच्या धंद्याचाच. पुष्कळ तलावांवर "पोहण्याचा पोशाख सक्तीचा" असा फलक असतो आणि पूर्ण अंग झाकणारा पोशाख घालून आलेल्या बाईला परत पाठवतात. कारण सांगतात, फिल्टर खराब होतो. यात अर्धे खरे आहे. सुती कपडा पाण्यात तंतू सोडतो, ते तंतू फिल्टरच्या जाळीत जाऊन बसतात, कच्चा रंग असेल तर तोही उतरतो. शिवाय कापूस पाणी धरतो. हवेतील ओलावा धरण्याचे प्रमाण धंद्यात कापसाचे साडेआठ टक्के, नायलॉनचे चार आणि पॉलिएस्टरचे अर्ध्या टक्क्याहूनही कमी मानले जाते. भिजलेली सुती सलवार जड होते आणि न पोहणारीला खाली ओढते. म्हणून सुती कपड्याला मनाई रास्त आहे, मग ती सलवार असो की पुरुषाची बर्म्युडा. परंतु विणीच्या नायलॉन किंवा पॉलिएस्टर-लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोशाख आखूड पोशाखापेक्षा फिल्टरला काही जास्त त्रास देत नाही. फलक कपड्याच्या जातीविषयी असावा, लांबीविषयी नको. ऑस्ट्रेलियातील अहेदा झानेटी या डिझायनर महिलेने २००४ साली असा पोशाख तयार केला आणि बुर्किनी या नावाने त्याचा मोठा व्यापार झाला. आपल्याकडे सुरतेत विणीचे कापड मुबलक आहे आणि शिवणारे हात आमच्या मोहल्ल्यांत घरोघर आहेत. लायक्रा क्लोरीनने लवकर सैल पडतो, म्हणून पॉलिएस्टरचे प्रमाण जास्त असलेले कापड निवडावे. एवढे सांगून मूळ विषयाकडे वळतो.

एक मोठा की दोन लहान?

९६ माणसांची गर्दी येणार असेल तर सरळ उपाय म्हणजे साडेतीन पट मोठा तलाव. आमच्या मते हा उपाय बरोबर नाही. पहिल्या टप्प्याच्या १२० घरांवर तेवढ्या मोठ्या तलावाचा खर्च पडला तर ती घरे कंटाळून जातील आणि तलाव बंद पडेल. एकाऐवजी दोन तलाव, दुसरा तिसऱ्या टप्प्याबरोबर, आणि तो छताखालचा, हे अधिक सोयीचे. एकात पुरुष असताना दुसरा बायका-मुलींसाठी दिवसभर मोकळा राहू शकतो. एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालू राहतो. दोन संचांचा खर्च वाढतो हे खरे, परंतु पाळ्यांचा हिसाब पाहता तो वसूल होतो. दोन मिळूनही ५४ च माणसे मावतात, ९६ नव्हे, हे मान्य. उरलेली गर्दी वेळ वाटून देऊनच आवरावी लागेल. वर्षातील आठ-दहा रविवारांसाठी तिसरा तलाव बांधणे हे ईदच्या विक्रीसाठी वर्षभर दुसरी पेढी भाड्याने ठेवण्यासारखे आहे.

वसाहत जशी वाढेल तसे तलाव वाढवण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. मेरीलँड राज्यात बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या दरम्यान जेम्स राऊस या बांधकाम व्यावसायिकाने कोलंबिया नावाचे नवे शहरच वसवले. १९६७ साली ते खुले झाले. त्याने मध्यभागी एक भव्य तलाव बांधला नाही. शहर लहान लहान वस्त्यांत विभागले आणि वस्ती उभी राहील तसतसा तिच्या शाळेजवळ, बागेजवळ तिचा तलाव बांधत नेला. असे उघड्यावरचे २३ तलाव तेथे झाले. २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती, म्हणजे तलावामागे सुमारे साडेचार हजार माणसे. आपल्याकडे असे शहर वसवणारा बिल्डर मिळणे कठीण, पण तेथील पैशांची व्यवस्था आपल्यालाही उपयोगी आहे. घर किंवा मालमत्ता असणाऱ्या प्रत्येकाकडून तिच्या किमतीच्या प्रमाणात वार्षिक आकार घेतला जातो, आणि प्रत्यक्ष पोहणाऱ्याने सभासद वर्गणी वेगळी भरायची.

आपल्या सोसायट्यांत हेच करता येईल. समजा तलावाचा महिन्याचा खर्च ६०,००० रुपये आहे. १२० घरांत तो घरटी ५०० होतो, ४८० घरांत १२५. म्हणूनच जुने सभासद नव्या इमारतींचे स्वागत करतात आणि गर्दीचा विचार करीत नाहीत. परंतु ४८० घरांनंतर खर्च ६०,००० राहत नाही. पंप जास्त तास चालतो, जीवरक्षक दोन पाळ्यांत लागतात, बायकांच्या वेळेला स्त्री जीवरक्षक लागते. (वॉचमनला शिटी देऊन काठावर बसवणे म्हणजे जीवरक्षक नव्हे. ज्याला बुडणारा माणूस बाहेर काढून श्वास देण्याचे शिक्षण आहे तोच.) तलाव वापरो वा न वापरो, जे करावेच लागते, म्हणजे रोजची गाळणी, कुंपण, दुरुस्तीचा फंड, ते सर्वांनी मिळून द्यावे. गर्दीमुळे जो खर्च वाढतो तो उतरणाऱ्यांनी पासाच्या रूपाने द्यावा. ज्या कारागिराच्या घरातून कोणी उतरत नाही त्याच्यावर तो टाकू नये.

कागदपत्रांत काय पाहावे

२०१६ च्या रेरा कायद्यात वसाहतीच्या सामुदायिक सोयी या "सामाईक क्षेत्रा"त धरलेल्या आहेत. कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात किंवा सामाईक क्षेत्रात बदल करायचा असेल तर बिल्डरला किमान दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची आगाऊ लेखी संमती घ्यावी लागते. कलम १२ प्रमाणे जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटी माहिती देऊन नुकसान केले तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. हे दोन्ही उपयोगी पडण्यासाठी कागद हातात हवा. पत्रक जपून ठेवावे. महारेराच्या नोंदणीत प्रकल्पाचा आराखडा पाहावा. तलाव कोणत्या टप्प्यात दाखवला आहे, पुढील टप्प्यांतील लोक तोच वापरणार काय, आणि शेवटी तो एका सोसायटीच्या ताब्यात जाणार की सर्व सोसायट्यांच्या फेडरेशनच्या, हे करारनाम्यात लिहून घ्यावे. पुष्कळदा "प्रस्तावित" हा एकच शब्द सर्व आश्वासनांवर पाणी फिरवतो. तलावाची लांबी-रुंदी लिहून घेणारे थोडे असतात. गाळणीची ताशी क्षमता किती लिटर, हे लिहून घेणारा आम्हाला अजून भेटलेला नाही. आपण लिहून घ्या.

बिल्डरशी बोलताना आणखी तीन मागण्या कराव्यात. पंपाची खोली दुप्पट मोठी ठेवणे, जादा पाइपांसाठी भिंतीत जागा आधीच सोडणे आणि विजेचा भार पुढचा धरून घेणे. बांधकाम चालू असताना याला फारसा खर्च येत नाही. लाद्या बसल्यावर तेच काम तोडफोड करून करावे लागते.

खर्चाच्या वाटणीविषयी एक भेद लक्षात ठेवावा. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत सेवा आकार सर्व फ्लॅटना सारखा लागतो. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली झालेल्या संघटनेत सामाईक खर्च प्रत्येकाच्या हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. लहान फ्लॅट घेणाऱ्याने हे आधी विचारावे.

जेथे तलाव झालेलाच आहे

तेथे पहिले काम म्हणजे पंपाच्या खोलीत जाणे. पंपावरील पट्टीवर ताशी प्रवाह लिहिलेला असतो. तो १,७०० ने भागावा. जो आकडा येईल तो ठळक अक्षरांत तलावाच्या दारावर लावावा. एका वेळी तेवढीच माणसे. तासागणिक वेगळ्या रंगाचे मनगटी पट्टे दिले तर कोणाची वेळ संपली हे लांबूनच दिसते आणि भांडणे होत नाहीत. उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ सक्तीची करावी. फवाऱ्याखाली नुसते उभे राहून पळणे चालणार नाही. एवढ्यानेच पाण्यात जाणारी घाण बरीच कमी होते आणि याला खर्च शून्य. पाहुण्यांना मे महिन्यात बंदी असावी, हे कटू असले तरी.

दुसरे काम नोंदवहीचे. दर तासाला पाण्यात किती माणसे, त्यांत बायका-मुले किती, किती जणांना परत पाठवले, हे लिहावे. परत पाठवलेल्यांचा आकडा सर्वात महत्त्वाचा आहे. दुकानदार विकलेला माल लिहितो, पण न मिळाल्याने परत गेलेले गिऱ्हाईक लिहून ठेवत नाही, आणि म्हणून त्याला मागणी कळत नाही. लागोपाठ चार रविवार तास भरून माणसे परत जात असतील तर गाळणी वाढवण्याची वेळ आली. गाळणी जागेच्या आकड्याला पोचूनही माणसे परत जात असतील तर दुसऱ्या तलावाची.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सहकार कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. मार्च ते जूनची नोंदवही त्या सभेपुढे ठेवली आणि खर्चाला मंजुरी घेतली, तर पंप, जाळ्या व पाइपांच्या कामाला ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाच महिने मिळतात. तलाव त्या दिवसांत तसाही रिकामाच असतो.